फुलांसाठी राखलेला कोपरा

एका वाचक भगिनींच्या पत्राचा हा सारांश. घराला लागून सासऱ्यांनी खणलेलं तळं आहे. ते 25 मीटर लांब, 20 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. पाणी बागेला जातं, गुरं काठावर पितात, थोडे मासेही आहेत. दोन वर्षांपूर्वी जलपर्णीने सगळं तळं झाकलं. तेव्हापासून दोनदा माणसं लावून ती काढली आणि दोन्ही वेळा दोन महिन्यांत तळं पुन्हा भरलं. काढताना सांडव्याजवळचा मोठ्या खोलीएवढा कोपरा मुद्दाम राखला होता, कारण फुलं सुंदर दिसतात आणि ही वनस्पती पाणी शुद्ध करते असं ऐकलं होतं. काढलेला ढीग काठावरच टाकला. मोकळ्या झालेल्या पाण्यात आता तळातून लांब, केसाळ वेली वर येताहेत. शेजारी तणनाशक मारायला सांगतात. एका मासेविक्रेत्याने पाणवनस्पती खाणारे 50 गवत्या मासे (ग्रास कार्प) सोडायला सांगितलंय. थोरले दीर म्हणतात, तळं बुजवून टाका. डास वाढलेत आणि घरात रोज याच विषयावर बोलणं होतं. त्या विचारतात, "एकदाच काय ते करून हे कायमचं संपवायचं असेल, तर यातलं नेमकं काय करावं?"

तुम्ही पत्रात मोजमापं आणि महिने लिहिलेत, ते फार चांगलं केलंत. दोन्ही वेळा तळं पुन्हा का भरलं, ते त्या आकड्यांतच दिसतं. काम करणाऱ्यांनी हयगय केली असं मला त्यात कुठेच दिसत नाही.

25 बाय 20 म्हणजे 500 चौरस मीटर. राखलेला कोपरा 25 चौरस मीटरचा धरू, म्हणजे तळ्याचा विसावा भाग. जलपर्णीचं प्रत्येक रोप बाजूला एक आडवी दांडी सोडतं, तिच्या टोकाला नवं रोप धरतं, दांडी तुटली की ते स्वतंत्र होतं. ही वाढ बेरजेने होत नाही, दुपटीने होते. 25 चे 50, 50 चे 100, मग 200, मग 400, आणि पाचवी दुप्पट पूर्ण व्हायच्या आत तळं भरलं. त्याला दोन महिने लागले, म्हणजे तुमच्या पाण्यात जलपर्णी साधारण 14 दिवसांत दुप्पट होते. उबदार, खतावलेल्या पाण्यात ती आठवडाभरातही दुप्पट होऊ शकते, त्यामुळे तुमच्याकडे काही विपरीत घडलेलं नाही.

आता हाच हिशेब उलट करून बघा. कोपरा न राखता चुकून एक चौरस मीटरभर, म्हणजे वीसेक रोपं राहिली असती, तर तळं भरायला नऊ दुपटी, साधारण चार महिने लागले असते. एकच रोप राहिलं असतं तर तेरा दुपटी, सुमारे सहा महिने. म्हणजे काढलेल्या 95 टक्क्यांनी तुम्हाला दोन महिने मिळवून दिले, आणि शेवटचे 5 टक्के काढले असते तर आणखी चार महिने मिळाले असते. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत तळ्यावर मोजून वीसेक रोपंच असती, आणि ती कुणीही हाताने उचलू शकलं असतं. कष्ट पहिल्या भागात पडतात, निकाल मात्र शेवटच्या भागात लागतो. बहुतेक तळ्यांवर नेमकं शेवटच्या दिवशी काम थांबतं, कारण तोवर पाणी दिसायला लागलेलं असतं आणि सगळे दमलेले असतात.

"पाणी शुद्ध करते" हे तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं आहे. जलपर्णी पाण्यातलं नत्र आणि स्फुरद भराभर शोषते. दाट वाढलेली जलपर्णी चौरस मीटरला 20 ते 40 किलो भरते. तुमच्या तळ्यावर 15 टन धरली तर त्यात 95 टक्के पाणीच असतं, कोरडा भाग 750 किलोच्या आसपास. त्यात ढोबळमानाने 15 किलो नत्र आणि 2 किलो स्फुरद असतं. ती रोपं तळ्याबाहेर नेली तर हे खतही बाहेर जातं आणि पाणी खरोखर सुधारतं. तळ्यातच राहिली, तर जुनी पानं कुजून तळाशी बसतात आणि तेच खत पुन्हा पाण्यात उतरतं. वर पानांचं झाकण असल्यामुळे खाली उजेड नाही, हवा नाही, म्हणून मासे पहाटे काठाशी येऊन तोंड वर काढतात. आणि तुमचा ढीग तर काठावरच पडला. त्यातून गळलेलं काळं पाणी उताराने कुठे गेलं असेल, ते तुम्हीच बघा. दोनदा कष्टाने बाहेर काढलेलं खत दोनदा परत तळ्यात गेलं.

सांडव्याजवळचा कोपरा आणखी एका कारणाने वाईट. पावसात तळं वाहतं तेव्हा तिथली रोपं आणि बिया खालच्या ओढ्यात, दुसऱ्यांच्या पाण्यात जातात. हा कोपरा सगळ्यात आधी काढा.

आता तुमच्या प्रश्नातल्या "कायमचं" या शब्दाबद्दल. फूल कोमेजलं की त्याचा दांडा वाकून पाण्यात जातो आणि बोंड तिथेच फुटतं. एका बोंडात शंभर-दोनशे बिया असू शकतात, आणि गाळात त्या 15 ते 20 वर्षं जिवंत राहू शकतात. तुमच्या तळ्यात दोन वर्षं फुलं आली, म्हणजे गाळात बिया आहेत हे धरूनच चालायचं. एकदाच काहीतरी करून हे संपेल असा उपाय कुणी सांगितला, तर त्याला गाळातल्या बियांचं काय करणार ते विचारा. पण यात दिलासाही आहे. बीला रुजायला उजेड आणि उथळ पाणी किंवा ओला चिखल लागतो, दीड मीटर खोल पाण्याखाली ती पडून राहते. म्हणजे धोक्याची जागा सगळं तळं नाही, पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा काठाचा पट्टा तेवढा धोक्याचा. तिथली कोवळी रोपं जलपर्णीसारखी दिसत नाहीत. त्यांना फुगीर देठ नसतो, अरुंद फितीसारखी पानं असतात आणि मुळं चिखलात असतात. गवत समजून लोक ती सोडून देतात, पाणी चढलं की तीच सुटून तरंगायला लागतात.

याच कारणाने तळं पूर्ण आटवून "वाळवून टाकू" हा सल्ला जपून घ्या. तरंगणारी रोपं वाळतील, पण उघड्या चिखलावर पहिलं पाणी पडताच बियांचा हिरवा गालिचा उठेल. आटवायचंच असेल तर गाळ काढण्यासाठी आटवा, आणि नंतरचे तीन महिने काठावर नजर ठेवायची तयारी असेल तरच.

जलपर्णीला हात लावण्याआधी तळातून येणाऱ्या त्या वेली ओळखून घ्या. एक वेल मुळासकट ओढा, बादलीतल्या स्वच्छ पाण्यात धुवा आणि बघा. प्रत्येक पेरावर चार ते आठ पानांचं वर्तुळ असेल, पानाची कड करवतीसारखी दातेरी आणि हाताला खरखरीत लागत असेल, मुळाशी वाटाण्याएवढे पांढरट कंद असतील, तर ती हायड्रिला. पानं काट्यासारखी दुभंगलेली आणि मुळंच नसतील, तर ते सेरॅटोफायलम. चुरगळल्यावर लसणासारखा उग्र वास आला आणि बोटांना कणीदार लागलं, तर ती कारा नावाची शैवालाची जात. ती तळाचा गाळ धरून ठेवते, तिला बिनघोर राहू द्या.

तुमच्या वर्णनावरून मला हायड्रिलाचा संशय आहे, आणि तसं असेल तर एक चूक हमखास होते. लोक तिला कोयत्याने कापतात किंवा दाताळ्याने ओरबाडतात, आणि तुटलेले तुकडे तळ्यात तरंगत राहतात. एका पेराच्या तुकड्यापासूनही नवी वेल उभी राहते. जलपर्णी ओढून काढणं योग्य, हायड्रिला ओढून तुकडे करणं म्हणजे लागवड. म्हणूनच कुठल्याही पाणतणावर इलाज ठरवण्याआधी त्याचं नाव पक्कं हवं. जलपर्णीवर चालणारी गोष्ट साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्यावर अपुरी पडते आणि पाणकणसावर उलटते.

आता काढणी. जलपर्णी 25 ते 30 अंश पाण्यात सर्वात जोरात वाढते, म्हणून पाणी थंड असताना, वाढ मंदावलेली आणि फुलं नसतानाचे आठवडे निवडा. पाणी थोडं उतरलेलं असेल तर क्षेत्रही कमी पडतं.

पहिल्या दिवशी एकही रोप काढू नका, त्या दिवशी फक्त तरंगता दोर बांधा. तळ्याची रुंदी 20 मीटर आहे, तर 25 मीटर लांबीचा, 12 ते 16 मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलिनचा दोर घ्या. तो पाण्यावर तरंगतो. त्याला दर सव्वा मीटरवर घट्ट झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा, आणि खाली 40 सेंटिमीटर रुंदीची, 10 ते 15 मिलिमीटर भोकांची जाळी लटकवून तिच्या खालच्या कडेला वजनं लावा. जाळीविना नुसता दोर बांधला तर वाऱ्याच्या दाबाने रोपं त्याच्या खालून सरकतात. दोराची दोन्ही टोकं काठावरच्या पक्क्या खुंटांना, पाण्याची पातळी बदलेल इतकी ढील ठेवून बांधा.

हा दोर एवढा महत्त्वाचा का, त्याचं उत्तर पुन्हा हिशेबात आहे. तळं काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा जलपर्णीला पसरायला जागाच नसते. तुम्ही अर्धं तळं मोकळं केलंत की उरलेल्या 250 चौरस मीटरला जागा मिळते, आणि 14 दिवसांच्या दुपटीने ती रोज सुमारे 12 चौरस मीटर पसरते. दोन माणसं दिवसाला 10 चौरस मीटर काढत असतील, तर ती राबूनही मागेच पडणार. दोराने तीच जलपर्णी कोंडून ठेवली, तर तिला जागा मिळत नाही. जसजशी काढाल तसतसा दोर पुढे ओढत न्या.

वारा ज्या काठाकडे वाहतो, तो काठ काढणीसाठी निवडा. रोपं आपणहून तिकडे येतील. जाड थराचे मीटर-दीड मीटरचे पट्टे लांब दांड्याच्या कोयत्याने सोडवून दाताळ्याने ओढा. काठावर ओढलेला पट्टा काही मिनिटं तिथेच निथळू द्या, पाण्याचं वजन वाहून नेण्यात अर्थ नाही. मग काठापासून निदान तीन-चार मीटर लांब, तळ्याच्या उलट बाजूला उतार असलेल्या जमिनीवर मुळं वर करून पसरा. आठवडाभराच्या उन्हात ढीग ओळखू येणार नाही इतका बसतो. कामाला किती दिवस लागतील हे आधी कळायला हवं असेल, तर एक मीटर बाय एक मीटरची चौकट पाण्यावर ठेवा, तेवढ्यातली जलपर्णी काढा, निथळून वजन करा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. मजुरीचा अंदाज कुणाच्या तोंडी बोलण्यावर ठेवण्यापेक्षा या चौकटीवर ठेवा.

सगळं एकाच गरम दिवशी उपसू नका. गाळ ढवळला की त्यातला सडका वायू आणि प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं, आणि तुमचे मासे त्यात मरू शकतात. रोज एक पट्टा काढा आणि काम चालू असताना पंपाने पाणी उंच उडवून परत तळ्यात पडू द्या.

काम करणाऱ्यांना हातमोजे आणि गमबूट द्या. या रोपात सुईसारखे ऑक्झलेटचे कण असतात, त्यांनी कातडी खाजते. कंबरेपेक्षा खोल पाण्यात कुणीही दोर बांधल्याशिवाय आणि काठावर दुसरं माणूस असल्याशिवाय उतरू नये. पानांखाली साप असू शकतात, आणि खोली कळत नाही. लहान मुलांना हिरवा थर जमिनीसारखा वाटतो. तुमच्या पत्रात घरात मुलं आहेत की नाही ते नाही. असतील तर त्या बाजूला आजच कुंपण घाला, बाकी सगळं नंतर.

खत करायचं असेल तर फुलं न आलेली जलपर्णी घ्या, बोटाएवढे तुकडे करा, कोरडा पाचोळा मिसळा आणि निदान एक मीटर लांब, रुंद, उंच ढीग रचा. आतलं तापमान 55 अंशांच्या वर सलग तीन दिवस राहायला हवं, आणि ढीग किमान तीनदा उलटायला हवा, नाहीतर कडेच्या बिया जिवंत राहतात. बोंडं धरलेली रोपं खतात नकोच. ती अर्धा मीटर खोल पुरा.

शेवटचा भाग झाला की खरं काम सुरू होतं, पण ते हलकं असतं. पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तळ्याभोवती चक्कर मारा. लांब दांड्याचं जाळं आणि एक बादली बरोबर असू द्या. पाणकणसाच्या बुडाशी, दगडांच्या फटीत, झुकलेल्या फांद्यांखाली बघा. किती रोपं मिळाली ते वहीत लिहा. तुमच्या तळ्यात दुपटीला 14 दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याची चक्कर तिला कधीच पुढे जाऊ देणार नाही. 20 दिवसांचा खाडा पडला तर पुढे जाईल. तीन महिने सलग पाचच्या खाली आकडा राहिला, की मग पंधरवड्याने गेलात तरी चालेल.

इथे तुम्हाला एक विचारायचं आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही वनस्पती तळ्यात नव्हती, मग एकाएकी एवढी का माजली? एक रोप कुठूनही येतं, दुसऱ्या तळ्यात वापरलेल्या जाळ्यात अडकून, वरच्या ओढ्याने, कुणी शोभेसाठी आणून टाकलेलं. पण 14 दिवसांची दुप्पट गरीब पाण्यात होत नाही. तळ्याला खत कुठून मिळतंय ते शोधा. गुरं काठावर पितात आणि तिथेच शेण-मूत्र पडतं, हा एक रस्ता तुमच्या पत्रातच आहे. पाणी पाइपने बाहेरच्या हौदात आणा आणि गुरांना तिथे पाजा. बागेत टाकलेलं खत पावसाने उतरत असेल तर तळ्याच्या वरच्या अंगाला पाच ते दहा मीटर रुंद गवताचा पट्टा राखा आणि त्यात खत घालू नका. शोषखड्डा किंवा सांडपाण्याचा पाइप तळ्याच्या दिशेला नाही ना, ते एका पावसाळी दिवशी प्रत्यक्ष उभं राहून बघा. माशांना खाद्य घालत असाल तर दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतकंच घाला, उरलेलं खाद्य म्हणजे पाण्यात टाकलेलं खतच. जिथून पाणी आत येतं तिथे गाळ बसायला एक छोटा खड्डा करा आणि पुढे जाळी लावा. पावसात ही जाळी रोज साफ करावी लागेल, तुंबली तर पाणी बाजूने वाट काढून रोपं आत घेऊन येतं.

खत कमी न करता फक्त जलपर्णी काढली, तर तेच खत दुसऱ्या कुणाला मिळेल. तुमच्या तळ्यात ते सुरूही झालंय, वर उजेड मिळाला आणि खालून वेली उठल्या.

आता तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांकडे येऊ.

तणनाशक हा उपाय मी सरसकट नाकारत नाही. मोठ्या जलाशयांवर त्याची गरज पडते. तुमच्या 500 चौरस मीटरवर मात्र त्याचा तोटा मला फायद्यापेक्षा जास्त दिसतो. ग्लायफोसेट पाण्याबाहेरच्या पानावर पडलं तरच काम करतं, पाण्याखालच्या वेलींना त्याचं काही होत नाही. शेतात वापरायच्या मिश्रणांत पान भिजवणारा जो पदार्थ असतो, तो मासे आणि बेडकांना अनेकदा मूळ औषधापेक्षा जास्त घातक ठरतो, म्हणून शेतातली बाटली तळ्यात कधीच नको. 2,4-डी जलपर्णी मारतं, पण तेच पाणी बागेला दिलं तर टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांसारखी रुंद पानांची पिकं वाकडीतिकडी होऊन बसतात. डायक्वाट गढूळ पाण्यात मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. तुमचं पाणी बागेला जातं, गुरं पितात, मासे आहेत. या तिन्ही वापरांसाठी फवारणीनंतर किती थांबायचं, त्याची लेबलवर वेगवेगळी मुदत असते.

त्याहून मोठी अडचण मारल्यानंतरची. 15 टन रोपं जागेवर मेली की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की मासे गुदमरायला लागतात, आणि तो सर्वात कमी पहाटे असतो. सगळं खत पाण्यात मोकळं झाल्यामुळे मग नील-हरित शैवाल येऊ शकतं. हिरवा रंग सांडल्यासारखा साय धरलेला थर दिसला तर गुरांना तिथून ताबडतोब दूर ठेवा, त्याच्या विषाने जनावरं दगावतात. तरीही फवारायचंच ठरलं, तर पाण्यातल्या वापरासाठी नोंदवलेलं औषध, तिथल्या यंत्रणेची परवानगी, एका वेळी फार तर पाव तळं, पुढच्या फवारणीआधी दोन आठवडे, आणि मेलेली रोपं बाहेर काढणं, हे सगळं करा. पण मेलेली रोपं शेवटी हातानेच काढायची असतील, तर जिवंत असताना काढलेली काय वाईट? ओल्या मेलेल्या थरापेक्षा जिवंत रोप सोपं निघतं.

मोरचूद, मीठ, डिझेल, कॉस्टिक असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मोरचूद शैवालावर वापरतात, जलपर्णीला त्याचा उपयोग नाही, आणि पाण्याची क्षारता कमी असेल तर शैवालाच्या मात्रेतही मासे मरतात.

गवत्या माशाबद्दल मासेविक्रेत्याने अर्धीच गोष्ट सांगितली. हायड्रिला, डकवीड, कोवळी पाणगवतं तो आवडीने खातो, त्यामुळे तुमच्या वेलींवर तो चांगला उपाय आहे. जलपर्णी मात्र तो जवळपास खातच नाही, आणि तुमची मुख्य तक्रार तीच आहे. आकडाही चुकलाय. दाट वेली असलेल्या तळ्यात हेक्टरी 50 ते 100 मासे पुष्कळ झाले, म्हणजे तुमच्या तळ्याला 3 ते 5. पन्नास सोडणं म्हणजे हेक्टरी हजार. ते एका हंगामात सगळी वनस्पती संपवतील, मग काठ उकरतील, पाणी चहासारखं गढूळ होईल, आणि खाल्लेलं सगळं विष्ठेतून खत म्हणून पाण्यात परत येईल. हा मासा दहा किलोच्या वर वाढतो, हेही लक्षात घ्या. सोडायचे तर जलपर्णी काढून झाल्यावर, 25 सेंटिमीटरच्या वरचे, आणि सांडव्याला जाळी लावूनच सोडा. हा मासा ओढ्यात निसटला तर तिथली पाणवनस्पती फस्त करतो, म्हणूनच कित्येक ठिकाणी फक्त वांझ मासे सोडायला परवानगी असते. आधी विचारून घ्या.

भुंग्यांचं नावही तुमच्या कानावर येईल. नियोकेटिना या जातीचे भुंगे 1972 मध्ये फ्लोरिडात जलपर्णीवर सोडले गेले, नंतर जगात अनेक ठिकाणी वापरले. साल्व्हिनियावर तर वेगळ्या जातीच्या भुंग्यांनी कमाल केली. ऑस्ट्रेलियातल्या मुंडारा सरोवरावर 1980 मध्ये सोडलेल्या भुंग्यांनी वर्ष-सव्वा वर्षात जवळपास सगळा थर संपवला. जलपर्णीवरचे भुंगे इतक्या झटपट काम करत नाहीत. त्यांना काही वर्षं आणि कायम उभं असलेलं रान लागतं, तुम्ही रोपं काढलीत की त्यांच्यासोबत भुंगेही जातात. ते मोठ्या जलाशयांचं काम आहे, तुमच्या तळ्याचं नाही.

राहिले दीर. त्यांचा वैताग मला समजतो, आणि त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. आठवड्याला अर्धा तास देणारं माणूस घरात नसेल, तर 500 चौरस मीटर तळं तुमच्या कुवतीपेक्षा मोठं आहे. पण बुजवल्यावर पावसाचं पाणी यायचं थांबत नाही. भराव खचतो, मध्ये ओलसर खळगा राहतो, त्यात पाणकणीस आणि डास दोन्ही होतात, आणि बाहेर पडलेलं पाणी कुणाच्या तरी अंगणात जातं. त्यापेक्षा मधला रस्ता त्यांच्यासमोर ठेवा. उथळ बाजू मातीने भरून तळं अर्धं करा, उरलेलं खोल करा, काठाचा उतार दोनास एक ठेवा, म्हणजे दोन मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली. उथळ पट्टा अरुंद झाला की बिया रुजायची जागाही कमी होते आणि तुमची चक्करही. काढलेला गाळ बागेत घाला, त्यात रुजणारी जलपर्णीची रोपं कोरड्या जमिनीत टिकणार नाहीत.

डासांसाठी वेगळं काही करायची घाई करू नका. जलपर्णीच्या तळ्यात वाढणाऱ्या मॅन्सोनिया डासाच्या अळ्या हवेसाठी पृष्ठभागावर येत नाहीत, जलपर्णी आणि गोंडाळ यांच्या मुळांना टोचून तिथूनच श्वास घेतात. त्यामुळे पाण्यावर तेल टाकून त्या मरत नाहीत. मुळं गेली की त्यांचा आधारच जातो. बाकीच्या अळ्या उघड्या पाण्यात तुमचे मासे खातील.

आणि फुलं. ती हवीशी वाटणं यात चूक काहीच नाही, फक्त वनस्पती बदला. तुमच्या भागात मूळची असलेली कमळिणी 40 सेंटिमीटर रुंदीच्या कुंड्यांत लावा, वर बारीक खडीचा थर द्या म्हणजे माती विरघळणार नाही, आणि कुंड्या 50 ते 60 सेंटिमीटर खोलीवर ठेवा. कुंडीत असल्यामुळे कंद तळभर पसरत नाही. पानांनी तळ्याचा पाव भाग झाकला की खालच्या वेलींना आणि शैवालाला उजेड कमी मिळतो. त्याहून जास्त वाढू लागल्या तर एक कुंडी उचलून बाहेर ठेवा. पण हे सगळं पहिल्या तीन महिन्यांच्या चकरा पूर्ण झाल्यावर. तोवर पाण्यावर जे काही तरंगताना दिसेल ते उचलायचं, हे घरातल्या सगळ्यांना सारखंच कळलं पाहिजे, आणि त्यात फुलं आलेलं रोप आधी.